गिरजामावशीची अर्धी राहिलेली भट्टी

बसा मंडळी, बसा. मागच्या बायांनो, पुढं या, सतरंजीवर जागा आहे.

सरपंचताईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं होतं. तुम्ही पाहिलं असेल. तंत्रनिकेतनात रोज साठ पोरांपुढं बोलते मी. बोलण्याचाच पगार घेते. पण आज समोर गिरजामावशीचा फोटो आहे, त्याला हार आहे, आणि हा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे, कारण त्या बाईनं जन्मात दुसरा फोटो काढू दिला नाही. कसं बोलायचं?

तरी उभी राहिले. त्याला कारण आहे. त्या दिवशी जे अंगणात होते त्यांनी पाहिलं, ऐकलं. जे नव्हते त्यांनी या दहा दिवसांत दहा तऱ्हेनं ऐकलं. कोणी म्हणतं, गिरजाबाई मेल्यावर भट्टीत जाऊन बोलली. कोणी म्हणतं, तिनं रागानं लोखंड फोडलं. काल एसटीत एक बाई मलाच सांगत होती, की दुसरबीडच्या लोहारणीची ऐरण आपोआप वाजते. मी शोभाला विचारलं, सांगू का सभेत? शोभा म्हणजे मावशीची सून, ही इथं पुढं बसली आहे. ती म्हणाली, "सांगा ताई. पण जसं झालं तसंच सांगजा."

जसं झालं तसंच सांगते.

मी याच गावची. आमचं घर भाजीपाल्याचं, वांगी-मिरची-कोथिंबिरीचं. घरचे सगळे विळे, खुरप्या मावशीच्या हातच्या. नवरा लवकर गेला तिचा. रस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या शेडात ती एकटी घण मारायची, पुढं शोभा आली तेव्हा दोघी. मी शिकून धातूचं शिकवायला लागले आणि एकदा सहज तिचा मोडका विळा कॉलेजात नेला. तुकडा कापला, आरशासारखा घासला, त्यावर पातळ आम्ल फिरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मंडळी, आमच्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा साफ होतं ते पोलाद. मग मी हट्टानं मावशीलाच प्रयोगशाळेत नेलं.

चपला बाहेर काढून आत आली. एक डोळा मिटून पाहू लागली. आधी मी तिला साधं, हळू थंड झालेलं पोलाद दाखवलं. त्यात बारीक रेघा असतात, एकीला लागून एक. ती म्हणाली, "हे तं नांगरलेलं वावर हाय." मग तेच पोलाद लाल तापवून पाण्यात विझवलेलं दाखवलं. त्यात सुयाच सुया. आडव्या, तिरप्या, एकमेकींत घुसलेल्या. ती बराच वेळ डोळा लावून राहिली. मग मागं सरली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मंदे, याले पाणी पाजून कधी झालं?"

"काल दुपारी."

"अन् मंग तसंच ठेवलं? पुन्हा तापवलं नाई?"

"नाही मावशी. पोरांना दाखवायला कच्चंच ठेवलंय."

"ठेवू नको व माय. हे अंगातल्या अंगात ओढून राह्यलं. बाभळीचे काटे हायेत हे. याले शांत कर."

मी हसले. हसले, हे कबूल करते. सोमवारी कपाट उघडलं तर तो तुकडा दोन झालेला. कोणी हात लावला नव्हता, किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

आता तुम्हाला दोन वाक्यांत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. लाल तापवलं की तो कार्बन आत मोकळा फिरतो. हळूहळू थंड केलं तर आपल्या जागी परततो, पोलाद मऊ राहतं. पण पाण्यात बुडवून एका दमात विझवलं, तर त्याला परतायला वेळच मिळत नाही. जिथं असेल तिथं अडकतो. सगळं अंग ताणलेलं राहतं. म्हणून तर विळ्याला धार टिकते. पण असं कच्चं पोलाद काचेसारखं असतं, आणि काच निदान आपटावी तरी लागते. हे नुसतं पडल्या पडल्या तडकतं. कधी तासाभरानं, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून पाणी पाजल्यावर ते पुन्हा हलक्या आचेवर तापवायचं. रंग चढतो त्याला. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. विळा पिवळ्यावर काढायचा. ज्याला मार सोसायचा, वजन झेलायचं, ते निळ्यावर. थोडा कडकपणा जातो आणि जीव राहतो.

मावशी कधी म्हणून पाजलेलं लोखंड कच्चं ठेवून उठली नाही. पाहुणा येवो, जेवण वाढलेलं असो. "अर्ध्यावर ठेवू नये," एवढंच म्हणायची. आणि कान द्यायची. पाजलेला नग बोटाच्या पेरानं वाजवायची आणि ऐकत राहायची. त्या वेळी शेडात कोणी बोललेलं चालत नसे. तुमच्यापैकी कित्येकांनी शिव्या खाल्ल्या असतील त्यापायी.

त्या दिवशी सकाळी तिनं अकरा नग लावले होते. आठ विळे, जुन्या कानशींचे. दोन कुऱ्हाडी. आणि एक जाडजूड पिन, मोडक्या पहारीपासून केलेली. ती उत्तमभाऊंची. उत्तमभाऊ क्रेन घेऊन विहिरी खोदतात, तुम्ही ओळखता. क्रेनची कप्पी ज्या पिनेवर लटकते, ती ही पिन. तिच्यावर दगडानं भरलेली बकेट वर येते आणि बकेटखाली विहिरीत माणसं असतात.

शोभा पाणी भरायला मागं गेली होती. परत आली तर मावशी लाकडी ओंडक्यावर बसलेली, मान पुढं, उजवा हात पाण्याच्या टाकीत. हातात सांडशी. सांडशीत ती पिन. शोभानं हाक मारली. दुसरी मारली. हात पाण्यातून काढला तर मूठ सुटेना. एकेक बोट उघडावं लागलं.

गाडी बोलावली, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चष्मा काढला. दुपारी मावशीला घरी आणलं. मला फोन आला तशी मी निघून आले.

तिचा मुलगा दिगंबर संभाजीनगरला कारखान्यात आहे. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. मावशीला अंगणात लिंबाखाली ठेवलं होतं. ऊन मरणाचं. आपण सगळे भिंतीच्या सावलीला. रडून झालं होतं. रस्त्यावरून ट्रक गेला की तेवढा आवाज, मग पुन्हा काही नाही.

तेव्हा शेडातून आवाज आला. टंग.

तुम्हाला आठवतं. एकच. बारीक, साफ. पितळी वाटीला नख लागावं तसा. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. शेडाला दार नाही, आत माणूस नाही, भट्टी विझलेली. कोणी तरी म्हणालं, मांजर असेल.

पुन्हा. टंग.

सखूआजी मावशीच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "गिरजे, काऊन व माय? काय राह्यलं तुह्यं?"

मंडळी, मला ठाऊक होतं तो आवाज कशाचा आहे. त्या अंगणात एवढ्या माणसांत मला आणि शोभाला ठाऊक होतं. सगळं कारण माझ्या डोक्यात तयार होतं, ओळीनं, फळ्यावर लिहावं तसं. आणि तरी माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मी उठू शकले नाही. मला वाटलं, आपण आत गेलो आणि ती ओंडक्यावर बसलेली असली तर?

शोभा उठली. माझं मनगट धरलं. आम्ही दोघी आत गेलो.

ऐरणीजवळच्या फळीवर नग मांडलेले होते, मावशीच्या पद्धतीनं, टोकं एका दिशेला. एक विळा मधोमध दोन झाला होता. एका कुऱ्हाडीला पात्यापासून वर चीर गेली होती, केसाएवढी. मी वाकून तुटलेलं तोंड पाहिलं. पिठीसाखरेसारखे बारीक कण, करडे. आम्ही बघत असताना, हात लावला नसताना, तिसरा नग वाजला. माझ्या तोंडापासून वीतभर. विळ्याचं टोक उडून भिंतीला लागलं.

शोभा ओठ हलवत मोजत होती. मग म्हणाली, "ताई, दहाच हायेत."

"नीट बघ."

"पिन नाई. म्या सोता इथं ठेवली होती. आत्याबाईच्या हातातून काढून."

बाहेर येऊन विचारलं. शेजारच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं, तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा उत्तमभाऊ येऊन गेले. घरी कोणी नव्हतं. पिन तयार दिसली, घेऊन गेले. काय झालं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मावशीनं सकाळी देते म्हटलं होतं, त्यांनी नेली. उत्तमभाऊ, तुम्ही इथं बसला आहात. मान खाली घालू नका. यात तुमचा काडीचा दोष नाही. वरची काजळी घासून काढली नाही, तर तयार झालेली आणि अर्धी राहिलेली पिन दिसायला सारखीच असते. मलाही नुसत्या डोळ्यांनी सांगता आलं नसतं.

फोन लावला. लागेना. काम लोणारकडच्या रस्त्याला, आत एका वावरात चालू होतं. तिथं रेंज नाही. ते वावर फक्त शोभाला माहीत होतं, तिच्या माहेरच्या वाटेवरचं. तिनं पदर खोचला. आणि मग अंगणात जे झालं तेही सांगते, कारण जसं झालं तसंच सांगायचं आहे. पाचसहा जण आडवे आले. मयत दारात आणि सून घराबाहेर जाते? लोक काय म्हणतील? शोभा भांडली नाही. मावशीजवळ गेली, पायाला हात लावला, म्हणाली, "आत्याबाई, आलेच." आणि माझ्या स्कूटरवर मागं बसली.

वाटेत ती एकदाच बोलली. "ताई, सबंध दुपार गेली व."

वावरात पोचलो तर क्रेन चालू होती. तार ताणलेली. बकेट वर येत होती. शोभानं गाडी थांबायच्या आधीच उडी मारली आणि ओरडली, "उत्तमभाऊ, पिन कच्ची हाय! पिन कच्ची हाय!"

उत्तमभाऊंनी ब्रेक दाबला. बकेट मध्येच थांबली. मी काठावरून खाली पाहिलं. खूप खोल. तळाशी तीन माणसं, डोक्याला टॉवेल बांधलेली, वर बघणारी. त्यांच्या आणि आमच्या मध्ये दगडानं भरलेली बकेट सावकाश गोल फिरत होती. आणि तिचा सगळा भार त्या पिनेवर.

उत्तमभाऊंनी विचारलं, "आता काय करू? वर घेऊ का खाली सोडू?"

मी शिक्षिका आहे. मला विचारलं त्यांनी. मला उत्तर आलं नाही.

शोभाला आलं. "काईच नका करू. हलवू नका. माणसं आधी काढा." खाली ओरडून तिनं त्या तिघांना भिंतीला चिकटायला सांगितलं. दोराची शिडी होती, ती पलीकडच्या अंगानं सोडली. एकेक जण चढू लागला. चढताना प्रत्येकाला बकेटीच्या बरोबरीनं यावं लागायचं, हातभर अंतरावरून. पहिला आला. दुसरा आला. तिसरा किसन. तो बकेटीजवळ आला आणि थांबला. त्यानं शिडीची पायरी दोन्ही हातांनी कवटाळली. शोभा पालथी पडून खाली वाकली होती. हळू आवाजात बोलत होती त्याच्याशी, माहेरच्या माणसाशी बोलावं तशी. "ये किसनभाऊ. तिच्याकडं पाहू नको. मह्याकडं पाय. ये."

आला. मंडळी, तिघेही आले. ते मागं खांबाला टेकून उभे आहेत, बघा.

मग उत्तमभाऊंनी बकेट बोटबोट करत तळाला टेकवली. तार सैल झाली. वर चढून त्यांनी पिन काढली आणि आणून विहिरीच्या काठच्या दगडावर ठेवली. सावलीत. भार नाही, ताण नाही, वारासुद्धा नाही. आम्ही सहाजण भोवती. शोभानं सांगितलं, आत्याबाई गेल्या. उत्तमभाऊंनी टोपी काढली. किसन पाणी पीत होता, त्याचा तांब्या तोंडाशीच राहिला.

टंग.

आमच्या डोळ्यांदेखत पिनेच्या अंगावरून एक काळी रेघ पळत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती सावकाश उलगडली आणि अर्धी दगडावरून घसरून खाली मातीत पडली.

कोणी खाली वाकलं नाही.

परत येताना शोभानं मला विचारलं, "ताई, पिन सर्वांत शेवटी पाजली, खरं. पण तिच्यावर तं भार होता. दगड होते, झटके होते. इळे घरी निस्ते पडल्या पडल्या तडकले. मंग पिन तेवढा येळ थांबली काऊन?"

माझ्याकडं तीन उत्तरं आहेत. पहारीच्या पोलादात कार्बन कानशीपेक्षा कमी. जाड नग आतून सावकाश विझतो. आणि तडकण्याला वेळेचा हिशोब नसतो. तिन्ही खरी आहेत. तिन्ही मी वर्गात सांगेन. पण विहिरीच्या काठावर मी त्या सहांतली एक होते, आणि तिन्ही उत्तरं असूनही मला त्या दिवसापासून झोप लागत नाही. याच्यापुढं मी काही बोलणार नाही. जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, असं ठरवून उभी राहिले आहे.

घरी आलो तर दिगंबर पोचला होता. तिरडी बांधून तयार. लोक खोळंबलेले, चिडलेले. शेडातून मधूनच तो आवाज येतच होता, आणि बायाबापड्या लेकरांना घेऊन रस्त्यापलीकडं जाऊन बसल्या होत्या. शोभा कोणाशी न बोलता सरळ शेडात गेली. आणि भट्टी पेटवली.

मयताच्या घरात आग! चूल पेटत नाही आपल्याकडं, आणि इथं भट्टी. मोठे लोक ओरडले. दिगंबर आत धावला. "शोभे, येडी झाली का व? आई भायेर पडली अन् तू भट्टी लावतं?"

शोभा म्हणाली, "त्याईचं काम अर्ध्यावर हाय. मी त्याईले असं नेऊ देणार नाई."

दिगंबर तिथंच उभा राहिला. फळीकडं बघत. कारखान्यात तो यंत्रावर काम करतो, भट्टीला हात लावून त्याला वर्षं झाली असतील. मग त्यानं शर्टाच्या बाह्या मागं सारल्या आणि भात्याचा दांडा धरला.

शाबूत नग सहा उरले होते. शोभानं एकेक आचेवर धरला. मी जवळ उभी होते. पांढऱ्या पोलादावर रंग कसा चढतो ते मी शंभर वेळा पाहिलं आहे. तसं त्या दिवशी पाहिलं नव्हतं. आधी पिवळा आला, वाळल्या गवताचा. विळे तिथं काढले. उरलेली कुऱ्हाड तिनं पुढं नेली, तांबूस, मग जांभळी. दिगंबर रडत होता आणि भाता एका लयीत चालवत होता. सहावा नग फळीवर ठेवला, आणि आम्ही थांबलो.

अंगणातले सगळे थांबले. आठवतं ना? सखूआजींनी हात वर केला होता, कोणी बोलू नका म्हणून. आपण कान देऊन उभे होतो. शेडातून काही आलं नाही. कोळसे निवताना तेवढे चुरचुरले.

मग दिगंबर बाहेर आला, हात न धुता, आणि त्यानं पुढचा खांदा दिला. दुसरा खांदा किसनचा होता. तो लोणारच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागोमाग आला होता, अंगावर विहिरीची माती तशीच. कोणी त्याला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही.

मंडळी, गिरजामावशी कधी शाळेत गेली नाही. मी तिच्याकडून काय शिकले ते परीक्षेत विचारत नाहीत. आता भट्टी शोभा चालवणार आहे. दिगंबर कारखान्याची नोकरी सोडणार नाही, आणि सोडू नये, पण सुटीला येऊन भाता धरीन असं त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं आहे. तुमचे विळे, खुरप्या शोभाकडंच आणा. पुरुष माणूस नाही म्हणून दुसऱ्या गावाला जाऊ नका. एवढं तुम्ही केलं तर हा हार घातल्यासारखा आहे.

मावशी, मी तुम्हाला हसले होते. सगळ्यांसमोर माफी मागते. तुमचं काम पुरं झालं. आता कशातही जीव ठेवू नका. जा सुखानं.

चला, सगळे उभे राहू या. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, ज्याचं त्यानं बघावं. मी घड्याळ लावणार नाही. शोभा मान वर करील तेव्हा आपण बसू.